केशोरावच्या खिशातला फ्यूज

वीस वर्षं तरी झाली असतील. रुख्मिणीबाई मुर्री गावातल्या आपल्या परसात वालाच्या शेंगा तोडत होत्या आणि कुंपणापलीकडे गीताबाई आपल्या नवऱ्याला, म्हणजे केशोराव लाईनमनला, झोडपत होती. तोंडानेच, पण पुरेसं.

"सकाळपासून घराचा फ्यूज खिशात घालून गाव फिरून रायले तुमी. मोटर बंद, टाकी कोरडी. पाहुण्याइले पानी कोठून देऊ मी?"

"वायर जोडाची रायली होती. मधातच तिरोड्याहून बलावणं आलं."

"तं फ्यूज लावून जाचा होता."

"अन् उघड्या वायरले कोनी हात लावला असता तं?"

यावर गीताबाईने घागर उचलली आणि ती विहिरीकडे वळली. कारण तिला ठाऊक होतं. केशोरावचा जोडीदार खांबावर असताना खाली कोणीतरी न विचारता फ्यूज लावला होता. माणूस वाचला, उजवा हात गेला. तेव्हापासून केशोरावचा नेम ठरला: कामाला माणूस लागला की फ्यूज आपल्या खिशात, माणूस धड खाली उतरला की फ्यूज जागेवर. रुख्मिणीबाईंनी त्या दिवशी शेंगा जरा जास्तच वेळ तोडल्या. दुसऱ्याचं भांडण ऐकायचं तर हाताला काम लागतंच.

पुढे केशोरावची नोकरी सुटली, नेम सुटला नाही. दिवेलागणीला गल्लीच्या टोकाच्या खांबावरचं दिव्यांचं बटण तोच दाबायला जायचा. कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि कोणी नको म्हणण्याची हिंमतही केली नाही.

त्याची पोरगी गुंजन पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत लागली. तिने घरी एक काळी पेटी आणून बसवली, पोळ्यांच्या डब्याएवढी. रात्रंदिवस चालू, कोपऱ्यात एक हिरवा दिवा लुकलुकणारा. घरातले फोटो त्यात, आणि गावच्या दंडारीचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या नाचगाण्याचे, सगळे व्हिडिओही त्यातच. यंदा नऊ वर्षांनी पोरं दंडार पुन्हा उभी करत होती. गाणी कागदावर कुठंच नाहीत. ती होती दंडारीच्या जुन्या गायकाच्या, बकारामच्या डोक्यात, आणि बकारामला आता पहिली ओळ आठवते, तिसरी आठवते, दुसरी विचारली की तो चहा मागतो.

मंडई तीन दिवसांवर आली आणि पेटी रुसली. दिवा हिरवाच, पण व्हिडिओ उघडेनात. गीताबाई भाऊबीजेला तिरोड्याला भावाकडे गेलेली. रुख्मिणीबाई करंज्यांचं ताट घेऊन आल्या तेव्हा केशोराव कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि फोनमधून गुंजन सांगत होती.

"बाबा, घराच्या वायफायपर्यंत यायची वाट आहे माझ्याकडे. पण पेटीचं आतलं दार बंद आहे, ते तुम्हालाच उघडावं लागेल. सेटिंगमध्ये टर्मिनल नावाचं पान दिसते का?"

"दिसते."

"त्यात एसएसएच लिहिलेला चौकोन आहे. त्यावर टिक करा, खाली सेव्ह दाबा."

केशोरावचं बोट थांबलं. "हे दार कायले बंद ठेवलं होतं?"

"रोज लागत नाही म्हणून. या दारानं आत आलं की नुसतं लिहून हुकूम द्यायचा, पेटी सगळं ऐकते. पासवर्ड मिळाला तर दुसऱ्याचंही ऐकेल. म्हणून काम असलं तरच उघडायचं."

आपलाच नेम पोरीच्या तोंडून ऐकून केशोराव खूश झाला. त्याने टिक केली.

"आली मी आत," गुंजन म्हणाली. "आता काम सुरू करते. कोणाला हात लावू देऊ नका."

रुख्मिणीबाई ताट ठेवून घरी गेल्या. बसतात न बसतात तोच त्यांचा फोन वाजला.

"मावशी, तुमच्याकडे लाईट आहे का?" गुंजनचा आवाज रडवेला झाला होता. "पेटी मधातच बंद पडली, बाबा फोन उचलत नाहीत. सुटी आजच आहे मले. उद्यापासून वेळ नाही मिळणार, अन् पोरं तालमीले बसली आहेत."

रुख्मिणीबाईंच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. कुंपणापलीकडे केशोरावच्या दाराला कडी, आत फोन एकटाच वाजतोय. त्यांना वीस वर्षांपूर्वीच्या वालाच्या शेंगा आठवल्या. त्यांनी चपला घातल्या.

केशोराव बकारामच्या ओसरीवर चहा पीत बसला होता. गाणी मिळणार ही आनंदाची बातमी द्यायला आला होता.

"केशोभाऊ, खिशात हात घाल."

त्याने घातला. चिनी मातीचा पांढरा फ्यूज बाहेर आला.

"हा काऊन काढला गा?"

"पोरगी कामाले लागली ना तिथं. लाईन चालू ठेवून कसं जमन?"

"ते पुण्यात हाय गा बावा. तिले करंट लागत नाही, तिले करंट पायजे."

केशोरावने कपबशी खाली ठेवली. फ्यूजकडे पाहिलं, मग बकारामकडे. "असंही काम असते का?" तो म्हणाला आणि तरातरा निघाला. मागून काठी टेकत बकाराम, त्याच्या मागे रुख्मिणीबाई.

फ्यूज जागेवर बसला, हिरवा दिवा लागला. अशी मधेच बंद पडूनही पेटीचं नशिबाने आणखी काही बिघडलं नव्हतं. गुंजन पुन्हा त्याच दारानं आत गेली आणि तिने हुकमांच्या पाच-सहा ओळी लिहिल्या. थोड्या वेळाने घरात ढोलकी वाजली आणि नऊ वर्षांपूर्वीचा बकाराम खड्या आवाजात गाऊ लागला. आजचा बकाराम कान देऊन ऐकत राहिला. दुसरी ओळ आली तशी त्याने मांडीवर थाप मारली. "बरा गाते हा मानूस," तो म्हणाला. "याले बलवा मंडईले." तालमीतली पोरं तोवर दारात जमली होती, त्यांनी ओळ लिहून घेतली.

केशोराव मात्र गाणं ऐकत नव्हता. फोन कानाला लावून त्याने विचारलं, "काम झालं ना व? तू बाहेर निंगाली?"

"निघाली बाबा."

"पक्कं?"

"पक्कं."

तेव्हा त्याने टर्मिनलच्या पानावरची टिक काढली, सेव्ह दाबलं आणि दार बंद झाल्याचं मोठ्याने सांगितलं, पूर्वी खांबाखालून सांगायचा तसं. मग खिडकीबाहेर पाहिलं. दिवेलागण झाली होती. त्याने चपला घातल्या, सवयीने खिसा चाचपला, तो रिकामा होता, आणि गल्लीच्या टोकाला जाऊन खांबावरचं बटण दाबलं.