पहिल्या पन्नासांवर घेतलेली कबुली

मित्रहो, आज दुपारी माझ्या हातून जे घडले, ते जसेच्या तसे लिहितो.

अमरावतीच्या आमच्या कार्यालयात न उगवलेल्या बियाण्यांच्या तक्रारी येतात. प्रत्येक गावाच्या तक्रारी शोधणारी क्वेरी, म्हणजे तयार शोध-सूचना, डेटाबेसमध्ये साठवण्याचे काम शकीलभाईंचे. ते अचलपूरहून एसटीने येतात, कंत्राटी आहेत. क्वेरी अडुसष्ट हव्या होत्या. मी एपीआयद्वारे, म्हणजे सर्व्हरला थेट प्रोग्राममधून विचारून, यादी मागवली, तर पन्नासच आल्या. धारणीकडची अठरा गावे त्यात नव्हती.

"शकीलभाई, अठरा क्वेरी उंदरांनी खाल्ल्या काय?" मी सर्वांसमक्ष विचारले. सगळे हसले.

"साहेब, मीनं सगळ्या साठवल्या. काहून खोटं बोलू?"

"चुकून पुसल्या असे लिहून द्या, नाहीतर करार संपला समजा."

"मंग नोकरी राहते ना?" एवढे विचारून त्यांनी सही केली आणि मी तो कागद वरिष्ठांकडे पाठवला.

तासाभराने त्या यादीच्या तळाशी मला पुढील पानाची खूण दिसली. सर्व्हर एका वेळी पन्नासच नावे देतो. पुढची वेगळी मागावी लागतात. मागितली. अठराही आल्या, प्रत्येकीवर शकीलभाईंचे नाव.

मी वरिष्ठांकडे धावलो. ते शांतपणे म्हणाले, "त्यांनी कबूल केलंय, मी करार रद्द केलाय. तो कागद तुम्ही धमकावून लिहून घेतला, असं लेखी द्या. मग बघू."

शकीलभाई पाचच्या एसटीने गेले. निघताना म्हणाले, "साहेब, सापडल्या ना? धारणीवाल्यायचं तेवढं पाहा."

ते लेखी मी अजून दिलेले नाही. तुम्ही दिले असते काय? उत्तर लिहिण्यापूर्वी स्वतःची नोकरी एकदा आठवून पाहा.