बोटवाल्याचं बेट

माझी पोरगी झिऱ्याच्या काठावर ओकत होती. तोंडाला फेस, हातपाय गार. नदीच्या कोरड्या वाळूत खड्डा खणून आम्ही पाणी काढायचो, तेच पिऊन. आणि हा बोटवाला ओंजळीतल्या पाण्याचा वास घेत मला म्हणाला, "वैनी, पाणी रिकाम्या हातानं येत न्हाय."

मुस्काटात मारावीशी वाटली.

तिच्या बापानं तिला बैलगाडीत घालून तेर गावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, "तेच पाणी पुन्हा पाजणार असाल तर परत आणू नका." दुष्काळात दुसरं कुठलं आणायचं?

बोटवाला आमच्याच बौद्ध वस्तीतला. मुंबईला बोटीवर स्वयंपाकी होता. परत आला तो काम करायचं विसरून. आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडायचो, हा ढिगावर बसून समुद्र सांगायचा. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. म्हणे, बोटीवरचे साहेब समुद्राचं पाणी तपासायला बाटल्यांत भरायचे. मधे एक बेट. वाहतं पाणी बेटाला घासून जातं, तिथलं लोखंड कणाकणानं पुढं नेतं. बेटाच्या अलीकडं समुद्र निळा, पलीकडं त्या लोखंडावर पोसलेल्या शेवाळानं हिरवा.

"अन् तुमी काय केलं?" आम्ही विचारायचो.

"कांदा चिरला."

पोरगी ओकली त्या दिवशी मात्र तो उठला आणि नदीत वरच्या अंगाला चालत गेला. पाटलांचा झिरा वर, आमचा खाली, अशी रीत होती. आमच्या हातचं पाणी त्यांच्याकडं जायला नको. दोन्हींच्या मधे पाटलांच्या गड्यानं फवारणीच्या औषधाचं पिंप विसळलं होतं. पाणी भरायला पिंप स्वच्छ हवं ना!

"हे बघा बेट," बोटवाला म्हणाला.

दुसऱ्या सकाळी आम्ही बाया घागरी घेऊन पाटलांच्या झिऱ्यावर गेलो. त्यांची म्हातारी आडवी आली. "खाली व्हा. पाणी बाटतंय."

"आजी," बोटवाला म्हणाला, "आमचा हात पाण्यातनं वाहत येतो, हे तुमाला पिढ्यान् पिढ्या ठावं. मग तुमचं औषध काय जागंवर बसतंय? साहेबास्नी हे कळायला बाटल्या भराव्या लागल्या!" आणि त्यानं बेटापासून सगळं सांगायला घेतलं. कांद्यासकट.

ऊन चढलं. म्हातारी वैतागली. "भर गं बाई, भर! पर याला गप कर."

मी घागर बुडवली. त्याला गप करणं मला जमलं नाही.

पुढं नदीला पाणी आलं, दोन्ही झिरे बुजले. म्हातारी गेली. बोटवालाही गेला, जन्मात एक खडा न फोडता.

पोरगी जगली.