बोर्लीचा परदेशी

कोर्टाची बातमीदारी करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. मासळीच्या टोपलीला खवले चिकटतात तसे ते चिकटतात, घासले तरी जात नाहीत! माझ्याकडचे निम्मे तर एकट्या हसनमियाँचे.

हसनमियाँ बोर्ली पंचतनचा. फाळणीच्या आधीपासून कराचीच्या गोदीत कामाला. आई आजारी म्हणून पाकिस्तानी पासपोर्टावर घरी आला आणि व्हिसा संपला तरी राहिला. झालं! जिथं जन्मला तिथूनच त्याला 'परदेशी' म्हणून उचलला. आता कराचीला हाकलणार होते. नाना वकिलांनी खटला फुकट घेतला. मुद्दा एकच: हसननं गाव कायमचं सोडलं होतं का?

*

फौजदार घाटावरचे, नवे. एक कोळीण जाळं चोरीला गेल्याची तक्रार घेऊन आली आणि आपल्या बोलीत अशी सुटली की साहेबांना एक अक्षर कळेना. शेवटी ओरडले, "अरे, त्या पाकिस्तानीला कोठडीतून बाहेर काढा!"

हसनमियाँनी सगळं नीट समजावून सांगितलं. जबानी पुरी झाली, दुभाषी पुन्हा कुलपात!

*

ऐन पौषात शेजारच्या कोठडीतल्या कोंबडीचोराला घोंगडी आणि हसनला नुसती फरशी. का? तर, "परदेशी कैद्याला घोंगडी द्यायचा हुकूम नाही."

नाना भडकले, "फौजदारसाहेब, थंडी काय पासपोर्ट बघून वाजते?"

हुकूम आलाच नाही. शेवटी कोंबडीचोरानं आपली घोंगडी गजांतून सरकवली. मी मथळा दिला, 'चोराने लाज राखली'. तेव्हापासून फौजदारांनी मला चहा विचारणं बंद केलं. बरंच झालं, भिकार चहा होता!

*

हसनची बायको खाडी ओलांडून भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आली. हवालदार म्हणाला, "परदेशी कैद्याचं अन्न तपासावं लागतं." तपासता तपासता डबा रिकामा!

बाईनं शांतपणे विचारलं, "तिखट झालीवती काय?"

"नाही, झकास होती."

"मंग उद्या दोन डबे आनते. एक तुमच्या तपासाचा, एक माझ्या घोवाचा."

*

एके दिवशी नानांना पत्ता न लागू देता फौजदार हसनला बेड्या घालून रेवसला घेऊन गेले. लाँचनं मुंबई, तिथून बोटीनं कराची. धक्क्यावर पोचतात तर सुकती! खाडीत पाणी नाही, लाँच चिखलात बसलेली. भरतीची वेळ न विचारता माणूस हद्दपार करायला निघाले होते! भरती येईपर्यंत नानांना खबर लागली आणि ते कोर्टाचा मनाई हुकूम घेऊन हजर.

फौजदार हसनवर उखडले, "तुला ठाऊक होतं ना, या वेळी पाणी नसतं?"

"मना काय ठाव, साहेब? मी परदेशी मानूस!"

*

शेवटी खटला उभा राहिला. नानांनी साक्षीला आणले गावचे म्हातारे राघोकाका कोळी.

"हसन कराचीला असताना तुम्ही त्याला गावचा मानत होता?"

"व्हय. दर शिमग्याला त्याच्या नावानं बोंब मारलीय. परक्याच्या नावानं कोन मारल?"

सरकारी वकील उसळले, "हा काय पुरावा?"

न्यायाधीश म्हणाले, "काय बोंब मारता?"

राघोकाका कानापर्यंत लाल. "बायामान्सं बसल्यात, साहेब."

बायकांना बाहेर काढलं. हसनची बायको मात्र हलेना. "मना पाठ हाय ती," म्हणाली.

राघोकाकांनी खाली मान घालून पहिली ओळ म्हटली. दुसरी काही आठवेना.

तेवढ्यात पिंजऱ्यातून हसनमियाँनी तोंडावर उलटा हात मारला आणि स्वतःच्याच नावाची दुसरी ओळ दणकून ठोकली! तिसरी बाहेरच्या व्हरांड्यातून बायकांनी ओढली!

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मग सरकारी वकिलांना विचारलं, "तुमच्या गावी तुमच्या नावानं मारतात का?"

"मारतात, साहेब."

"मग बसा खाली. आणि याच्या बेड्या काढा."