वर कोट, खाली घेर

शिलाईच्या दुकानात चिंध्या आणि किस्से सारखेच साचतात. मुद्दाम कुणी साठवत नाही. एक दिवस मशिनखाली बघावं, तर ढीग! खांडबाऱ्याला स्टेशनजवळ मामाचं दुकान आहे. चौथीतून शाळा सोडून मी तिथेच बसलो. आज सांगतोय त्या सगळ्या चिंध्या एकाच कापडाच्या. ते कापड मला अजून नीट उलगडलेलं नाही.

*

समोरच्या जिजाबाईंचे आधीचे मुलगे पाळण्यातच गेले. म्हणून दगडूचं नाक टोचलेलं, आणि पाचव्या वर्षी जावळ काढेपर्यंत त्याला परकर घालायचा नवस. मुलगी समजून मरण पुढे निघून जातं, असं आमच्याकडे मानतात. पण दगडू मोठा झाला, पोरं चिडवू लागली, आणि तो बिथरला. नवा परकर दिसताच थेट मामाच्या टेबलाखाली!

"घाली ले रे, मन्हा राजा! वळखी लेई ना तुले!" जिजाबाई रडकुंडीला आल्या.

टेबलाखालून आवाज आला, "वळखू दे!"

जिजाबाईंनी वाकून त्याच्या तोंडावर हात दाबला.

*

त्याच आठवड्यात मिशनच्या बंगल्यातली अमेरिकन मडम आली. दुकानात शाळेचं मराठी बोलणारा मीच, म्हणून मामाने मला पुढे ढकललं. मी तिच्याकडे न बघता टेपकडे बघत बोललो.

तिने ट्रंकेतला जुना सूट आणला होता. तिचा नवरा, म्हणजे मिशनचे साहेब, लहानपणी अमेरिकेत समारंभाला हाच घालायचे म्हणे. आता त्यांच्या छोट्या जॉनीला तसाच नवा हवा. फोटो काढून आजीला पाठवायचा होता. काळा लोकरी कोट, आत वास्कट, पितळी बटणं. आणि खाली गुडघ्यापर्यंत चुण्यांचा घेर!

मामा म्हणाला, "मडम, पँट घरी राहिली!"

"पँट नाही. तेव्हा चांगल्या घरची लहान मुलं असंच घालत."

ती गेल्यावर मामा हळूच म्हणाला, "सायब धाकला व्हता तव्हय पोरगी व्हता का रे?"

*

मापाला जॉनी आला. मामाची जुनी रीत अशी, की पुरुषांना टेप लावायची. बायकांचं आणि मुलींचं माप मात्र जुन्या कपड्यावरून घ्यायचं. कोटाचं माप झालं. टेप कमरेशी आली आणि मामाचा हात थांबला.

"खालचं जुन्या कपड्यावरून घेऊ," तो म्हणाला.

जॉनी मात्र पोट आत ओढून तसाच उभा!

*

तयार सूट दारात टांगला. बाजाराला आलेला एक म्हातारा बराच वेळ बघत राहिला.

"हाई नवरदेवनं शे का नवरीनं?"

"दोन्हीसनं," मामा म्हणाला. "कापड महाग व्हयनं ना!"

मागून जिजाबाई आल्या. सूट साहेबाच्या मुलाचा आहे हे कळल्यावर त्यांनी घेराला हात लावला आणि पायरीवर मटकन बसल्या.

"म्हनजे तेसना घर बी..."

मी 'ती तिकडची फॅशन आहे' म्हणणार होतो. पण फॅशनपेक्षा जिजाबाईंचंच मला जास्त पटलं. तेवढ्यात दगडू बटणांकडे बोट दाखवून ओरडला, "माले हाऊ कोट पाहिजे!"

उरलेल्या कापडात त्याचाही तसाच सूट बसला. त्याला कोट मिळाला, नवसाला घेर!

*

मडम सूट न्यायला आली. जॉनीने तो दुकानातच अंगावर चढवला, आणि दारातून तस्साच दगडू आत आला. दोघं एकमेकांना बघत राहिले. मडम खळखळून हसली.

जिजाबाईंनी पुढे होऊन तिचा हात धरला. "माय, तुन्हा कितला गयात?"

मडमला आमची अहिराणी कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं. टेपकडे बघत मी म्हणालो, "बाई विचारतात... जॉनीच्या आधीची किती गेली?"

आता फॅशनचा खुलासा होईल आणि जिजाबाई खजील होतील, असं मला वाटलं.

मडमने जॉनीच्या कोटाचं एक बटण काढलं. परत लावलं.

"दोन," ती म्हणाली.

मला अहिराणी करावीच लागली नाही. जिजाबाईंनी जॉनीची हनुवटी वर केली, चेहरा निरखला आणि मडमवरच ओरडल्या, "मंग अजून नाक का बरं टोचं नही?"

मी मान खाली घालून तेही मराठीत सांगितलं.

मडम दगडूच्या नथीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "इथे सोनार कुठे बसतो?"