निकोलोच्या फॉर्मवर नसलेली चौकट

निकोलोच्या छातीवर मी सहावं स्टिकर लावत होते आणि तो माझ्यावरच डाफरत होता.

"बारा दिवस झाले मला येऊन, सिन्योरा. रोज विचारतोय, हार्ट टेस्ट कधी? सगळे हसतात. आमच्याकडे तो कागद नसेल तर मैदानाचा वॉचमनसुद्धा आत सोडत नाही."

"इथं सॉकरवाल्यांना लागत नाही रे ती."

"फुटबॉल," तो म्हणाला. "आणि का लागत नाही? अमेरिकन हृदय वेगळं असतं?"

मला हसू आलं.

एकोणीस वर्षांचा पोरगा. इटलीहून स्कॉलरशिपवर न्यू जर्सीतल्या एका लहानशा कॉलेजात खेळायला आलेला. त्याच्या देशात खेळाडूंचा दरवर्षी ईसीजी काढतात, कायदाच आहे तसा. आमच्याकडे काय, तर एक फॉर्म. छातीत दुखतं का? घरात कुणी अचानक गेलं का? हो-नाहीवर खुणा करायच्या, डॉक्टरनं स्टेथोस्कोप टेकवायचा, सही ठोकायची. सबंध टीमचे फॉर्म एका दुपारी उरकतात. निकोलोनं मात्र इतका पिच्छा पुरवला, की नर्स वैतागली. "सू, याचा एक ईसीजी काढून टाक बाई, म्हणजे गप्प बसेल." मी सुनंदा, पण कॉलेजच्या पोरांना तपासणाऱ्या आमच्या क्लिनिकमध्ये बावीस वर्षं सूच.

हे काम मी कॉलेजात शिकले नाही. फ्रंट डेस्कवर फोन घेता घेता जुन्या टेक्निशियन बाईंच्या मागं उभी राहून शिकले, लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली आणि मग परीक्षा दिली. तुम्हाला सोपं करून सांगते. ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेचा कागदावर उमटलेला माग. प्रत्येक ठोक्याला एक उंच सुळका, आणि त्याच्यामागं एक बुटकी टेकडी. निकोलोच्या छातीवरच्या पहिल्या चार वायरींमध्ये ती टेकडीच नव्हती. तिथं खड्डा होता. पहिल्या एखाद्या वायरीत कधीकधी चालतं. चारींत नाही.

माझंच काही चुकलं असेल म्हणून सगळी स्टिकर्स काढली, नवी लावली, ईसीजीची दुसरी कागदी पट्टी काढली. तेच खड्डे.

"सगळं ठीक ना, सिन्योरा?"

आता आमचा नियम असा, की टेक्निशियननं पट्टी काढायची, अर्थ सांगायचा नाही. अर्थ सांगणं डॉक्टरचं काम. मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील." हे वाक्य मी इतक्या वर्षांत हजारो लोकांना म्हटलंय. पण त्याला म्हटलेलं जितकं आठवतं, तितकं दुसऱ्या कुणाला म्हटलेलं आठवत नाही.

पट्ट्या घेऊन नर्सकडे गेले. तिनं एक नजर टाकली. "ॲथलीट आहे तो. यांचे असेच येतात. ट्रेमध्ये ठेव." ट्रे म्हणजे हार्टच्या डॉक्टरचा. ते आमच्याकडे फक्त गुरुवारी यायचे. मी दोन्ही पट्ट्यांच्या समासात लाल शाईनं लिहिलं, 'आजच दाखवा', आणि ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवल्या. मग टीमच्या ट्रेनरला, ब्रायनला, फोन लावला.

"डॉक्टर बघेपर्यंत त्याला खेळवू नकोस."

"अगं, त्याचा फॉर्म सही होऊन आलाय. क्लिअर्ड आहे तो."

"फॉर्मवर ईसीजीचं काय लिहिलंय?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "काहीच नाही. सू, या फॉर्मवर ईसीजीला चौकटच नाहीये."

लक्षात येतंय का तुमच्या? जी टेस्ट मागितलीच नव्हती, ती लिहायला जागा नव्हती. जागा नव्हती म्हणून ती झालीच नव्हती. माझ्यासमोर खड्डे पडलेल्या दोन पट्ट्या, आणि कॉलेजच्या लेखी पोरगा ठणठणीत!

त्या गुरुवारी हार्टचे डॉक्टर व्हेकेशनवर. बदली कोणी नाही. शनिवारी पहिली मॅच. निकोलोनं गोल मारला. सोमवारी तो माझ्या दारात, गुडघ्याला खरचटलेलं, तोंडभर हसू. "माझा कागद आला?" मी पुन्हा म्हटलं, डॉक्टर सांगतील, या गुरुवारी नक्की. 'तोवर खेळू नकोस' एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. नियम! चुलीत घाला तो नियम.

बुधवारी दुसरी मॅच. आसपास कोणी नव्हतं, बॉलसुद्धा लांब होता, आणि तो पळता पळता तोंडावर पडला. मशीन आणलं, शॉक दिले, ॲम्ब्युलन्स आली. उठला नाही. दोन मॅचेस आणि एक गोल, एवढीच त्याची इथली कारकीर्द.

गुरुवारी सकाळी डॉक्टरनी ट्रे उघडला आणि सगळ्यात वरच्या पट्टीवर लिहिलं, 'खेळ ताबडतोब बंद करावा.'

सोमवारी मला मीटिंगला बोलावलं. आमची मॅनेजर लिंडा, आणि फोनवर रिस्क मॅनेजमेंटचा माणूस. रिस्क मॅनेजमेंट म्हणजे क्लिनिकला कोर्टापासून सांभाळणारं खातं. मला भाबडीला वाटलं, विचारतील, कसं झालं हे. विचारलं काय? "लाल शाईनं लिहायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"टेक्निशियन अर्थ लावत नसतात, सू," लिंडा म्हणाली.

"मी कुठं अर्थ लावला? पार्किंगमध्ये कुणाच्या गाडीचे दिवे चालू राहिले तर आपण सांगतो ना? त्याला मेकॅनिक व्हावं लागतं?"

फोनमधला माणूस खाकरला. "ती टेस्ट ऑप्शनल होती. क्लिअरन्सचा भाग नव्हती. घरच्यांसमोर तो विषय काढायची गरज नाही. आणि घरच्यांशी कुणी बोलायचं नाही."

संध्याकाळी मुलीला फोनवर सांगितलं. ती इथंच जन्मलेली, वकिलांच्या ऑफिसात काम करते. "आई, प्लीज, डोन्ट से एनीथिंग. तुझी पेन्शन दोन वर्षांवर आलीये."

बुधवारी निकोलोची आई आली. बरोबर तिची बहीण, तिला इंग्रजी येत होतं. लिंडाच्या केबिनमधून बाहेर पडल्या त्या थेट माझ्या खोलीच्या दाराशी. निकोलो ज्यावर झोपला होता, त्या तपासणीच्या पलंगाकडे आई बघत राहिली. मग काहीतरी बोलली. बहिणीनं सांगितलं, "तो फोनवर म्हणाला होता, ममा, एका सिन्योरानं टेस्ट केली, आता काळजी करू नकोस. त्या तुम्हीच का?"

"मीच."

"आत्ता त्यांनी सांगितलं की फॉर्म नॉर्मल होता. मग टेस्टमध्ये काय आलं?"

'डॉक्टर सांगतील' हेच वाक्य ओठांवर आलं होतं. गिळलं.

"टेस्टमध्ये काय आलं ते मला सांगता येत नाही," मी म्हटलं. "पण तळमजल्यावर मेडिकल रेकॉर्ड्सची खिडकी आहे. आईला मागायचा हक्क आहे. नुसती फाइल मागू नका, ती देतील आणि त्यात फॉर्मच असेल. लिहून द्या, ईसीजीच्या मूळ पट्ट्या, दोन्ही, समासासकट."

"समासासकट?"

"समासासकट."

आणि मी त्यांना लिफ्टनं खाली घेऊन गेले. अर्ज भरायला पेन माझंच दिलं. लिंडा काचेतून बघत होती. बघू दे.

मला लेखी वॉर्निंग मिळाली, 'कुटुंबाशी अनधिकृत संवाद'. त्या बाईला पट्ट्या मिळाल्या. पुढं वकिलांचं चालू आहे, ते त्यांचं ते बघतील. तिचा पोरगा काही येत नाही.

कॉलेजनं नवा फॉर्म छापलाय. त्यावर आता चौकट आहे, 'ईसीजी केला असल्यास निकाल'. केला असल्यास! काढाच, असं म्हणायची अजूनही कुणाची छाती नाही.

मी आहे अजून कामावर. कुणी विचारलं, सगळं ठीक ना, तर सांगते, "डॉक्टर सांगतील. पण तोवर पळू नकोस." दुसरी वॉर्निंग अजून आलेली नाही. आणि नव्या टेक्निशियन मुलींना एवढंच शिकवते: फॉर्मवर जागा नसेल तर समासात लिहा, आणि लिहून झाल्यावर कागद ट्रेमध्ये ठेवू नका. हातात धरून डॉक्टरसमोर जाऊन उभ्या राहा.