निर्जंतुकराव आणि शतपत्री

वनस्पतिउद्यानाच्या प्रयोगशाळेतील त्या गृहस्थांचे आईवडिलांनी ठेवलेले नाव पगारपत्रकाखेरीज कोठेच उरले नव्हते. सारे त्यांना निर्जंतुकराव म्हणत, तोंडावर म्हणत, आणि तेही प्रसन्न मुद्रेने ओ देत. त्या हाकेत थट्टा आहे, ही शंका त्यांना कधी शिवलीच नाही. त्यांना ती पदवी वाटे.

त्यांचे कर्मही पदवीला साजेसे होते. काचेच्या पेटीसमोर बसावे, गाळलेल्या हवेचा झोत सुरू करावा, चिमटा ज्योतीवर धरून लाल करावा, आणि एखाद्या दुर्मीळ झाडाच्या फांदीवरील डोळा तिळाएवढा कापून बाटलीतल्या साखर-क्षारांच्या पारदर्शक जेलीवर ठेवावा. त्या तिळातून यथावकाश आख्खे रोप उभे राही. मूळ झाड निवर्तले तरी त्याचा वंश बाटल्यांतून नांदत राही. एवढ्या पुण्यकर्मात विघ्न येई ते बुरशीचे आणि जिवाणूंचे. त्यांच्याशी निर्जंतुकरावांचे हाडवैर होते, आणि ते वैर घरापर्यंत पोचले होते. दाराच्या कड्या ते स्पिरिटने पुसत. पाहुण्यांनी आणलेली फळे पाहुण्यांदेखत साबणाने धूत. "लग्नात यांनी माझा हात धरला, तो आधी पुसून घेऊन," असे त्यांची पत्नी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. आणि आपण ते डोळ्यांनी पाहिले आहे, अशी साक्ष तिची धाकटी बहीण न विचारता देई.

अशा सोवळ्या पुरुषाच्या वाट्याला शतपत्री आली.

उद्यानाच्या जुन्या भिंतीला टेकून उभा असलेला तो गुलाब दोनशे वर्षांपूर्वीच्या जातीचा. पाकळ्यांची दाटी इतकी की फुलाला उमलताना कष्ट पडावेत. रंग पिकल्या जांभळासारखा गडद. एके काळी राजवाड्यांच्या बागांतून मिरवलेल्या त्या कुळातले हे शेवटचे ज्ञात झाड, आणि तेही शेंड्यांकडून वाळत खाली येत होते. उद्यानाच्या संचालिकाबाई म्हणाल्या, "यंदाचा उन्हाळा काढेल. पुढचा नाही. बाटलीत घ्या."

निर्जंतुकरावांनी जुन्या फांदीचे डोळे घेतले. दोनचार दिवसांत बाटलीचा तळ दुधाळ झाला: जिवाणू. त्यांनी पुढचे डोळे अधिक कडक द्रावणात धुतले. तळ पुन्हा दुधाळ. आणखी कडक धुतले, तेव्हा बाटली स्वच्छ राहिली. डोळे मात्र पांढरेफटक पडून मेले. हा त्यांना व्यक्तिशः अपमान वाटला.

"दोनशे वर्षांची म्हातारी, पण अंगाला पाणी म्हणून लावलेलं नाही!" ते घरी येऊन फणफणले.

"बिचारी," पत्नी म्हणाली, "आणि शेवटी सापडली कोणाला, तर तुम्हाला."

अशातच एके सकाळी त्यांना झाडाच्या पायथ्याशी काही नवे धुमारे दिसले. सरळ, हिरवे, तुकतुकीत; जणू नुकतेच न्हाऊन आलेले. त्यांचे डोळे बाटलीत घेतले आणि काय आश्चर्य! बाटल्या स्फटिकासारख्या राहिल्या. कोंबाला कोंब फुटले, मांडण्या भरल्या. संचालिकाबाईंनी दूरदूरच्या उद्यानांना रोपे वाटण्याचा सोहळा ठरवला. निर्जंतुकराव प्रयोगशाळेत वराच्या बापासारखे वावरू लागले.

त्या तोऱ्यातच त्यांनी एक नियमभंग केला. मेहुणीचे शिवणकामाचे दुकान होते. "भाऊजी, तुमची झाडं बाटलीतच शोभतात. मातीत ठेवलीत तर घाबरून मरतील," असे तिने डिवचले, आणि पहिल्याच खेपेतले एक रोप त्यांनी गुपचूप तिच्या दुकानाच्या खिडकीत नेऊन ठेवले. मग ते विसरूनही गेले. सोहळा दीड-दोन महिन्यांवर आला असताना तिचा फोन आला.

"भाऊजी, तुमच्या राणीसाहेब फुलल्या बरं का."

"फुलल्या? रंग गडद आहे ना?"

"पांढरा."

"पांढरा कसा असेल? उजेडात धरून बघ."

"उजेडातच आहे. पाकळ्या पाच. फूल म्हणाल तर सदऱ्याच्या बटणाएवढं. शतपत्रीच्या बाकीच्या पंच्याण्णव पाकळ्या तुम्ही पुसून काढल्यात का हो?"

ते धावत दुकानात गेले. फूल पाहिले, आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर मटकन बसले. स्टूल न पुसता. तेव्हा मात्र मेहुणीने मशीन थांबवले. "भाऊजी, डॉक्टरांना बोलवू का?"

घडले होते ते असे. नाजूक जातीचा गुलाब स्वतःच्या मुळावर सहसा उभा करीत नाहीत. दणकट रानगुलाबाच्या खुंटावर त्याचे कलम बांधतात. सांध्याच्या वर शतपत्री, खाली रानगुलाब. वर्षांनुवर्षे माती चढून सांधा बुजला होता, आणि त्याखालून आलेले ते धुमारे खुंटाचे होते. ही गोष्ट निर्जंतुकरावांना का ठाऊक नव्हती? पक्की ठाऊक होती. परंतु स्वच्छतेने त्यांची दृष्टी दिपली, आणि वंश पाहण्याचे राहून गेले.

घरी पत्नीने सल्ला दिला, "गप्प बसा. ती रोपं लोकांच्या बागांत फुलेपर्यंत तुम्ही निवृत्त झालेले असाल."

हा विचार त्यांना चहा संपेपर्यंत फार गोड वाटला. मग जुन्या झाडावर उरलेली ती बोटभर हिरवी फांदी डोळ्यांपुढे आली. ती वाळली की शतपत्री संपली. ती कापायची तर बाईंची परवानगी हवी, आणि परवानगी मागायची तर कारण सांगायला हवे. तोंड मिटले तर नाव वाचत होते आणि गुलाब जात होता.

दुसऱ्या दिवशी ते बाईंसमोर उभे राहिले. "बाई, मांडणीवर शतपत्री नाही."

"मग काय आहे?"

"कुंपण."

"म्हणजे?"

"रानगुलाब. लोक कुंपणाला लावतात तो. चुकून खुंटाचे डोळे घेतले मी."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे इतके महिने तुम्ही निर्जंतुक कुंपण वाढवत होतात?"

"अत्यंत निर्जंतुक," निर्जंतुकराव म्हणाले. अशा समयीही त्यांना अभिमान आवरला नाही.

बाईंना हसू फुटले. पण ते लगेच मावळले. "पाहुण्यांना खरं काय ते मी कळवते. येतील ते येतील. ती फांदी घ्या. आणि हे बघा, या वेळी तिला आंघोळ घालून मारू नका."

फांदीवर तीन डोळे निघाले. सवय का सहज सुटते? पहिले दोन त्यांनी धुतलेच, आणि ते पांढरे पडले. तिसऱ्या डोळ्यापाशी हात थबकला. सूक्ष्मदर्शकाखाली फांदीचा काप पाहिला, तर जिवाणू सालीवर नव्हतेच. ते लाकडाच्या आत, रसाच्या वाहिन्यांत वस्ती करून होते. त्यांना हाकलायचे तर घर जाळावे लागणार होते. निर्जंतुकरावांनी एक दीर्घ उसासा सोडला, तिसरा डोळा नुसता विसळला आणि जेलीतली साखर निम्म्याने तोडली. हेतू हा की जिवाणूंची उपासमार व्हावी आणि कोंबाने उजेडावर भागवावे. बाटली अर्थातच दुधाळ झाली. तिला वेगळ्या कपाटात ठेवून ते रोज सकाळी तिच्याकडे सवतीकडे पाहावे तसे पाहत. तळ तसाच गढूळ राहिला, पण वाढला नाही. आणि एके दिवशी त्या गढूळपणाच्या वर एक तांबूस पान उलगडले. पाठोपाठ दुसरे.

सोहळ्याला मोजकेच पाहुणे आले. त्यांतले एक विद्वान प्रयोगशाळा न्याहाळत त्या कपाटापाशी पोचले. "अहो, ही बाटली खराब झालीय. टाकायची राहिली वाटतं," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

निर्जंतुकराव मध्ये आडवे उभे राहिले. "खराब नाही," ते म्हणाले. "एकत्र कुटुंब आहे."

विद्वानांनी वाकून पाहिले. "आणि यात शतपत्री कुठली?"

"ती वरची," निर्जंतुकराव म्हणाले. "खालच्यांशी आमचं अजून बोलणं नाही."