हौसानानीचं पाचट

हौसानानी बोलायला लागली की आधी समोरच्याचा हात धरायची आणि पाचटाखाली खुपसायची. मी नवी नवरी होते तेव्हा माझाही खुपसला. वर ऊन असं की पाय भाजावेत. "गार हाय का न्हाई?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "मग तोंडानं सांग की! मुकी सून आनली का काय तुज्या सासूनं?"

पुणतांब्याजवळ आमच्या बांधाला लागून तिचं दीड एकर रान. ऊस तुटून गेला की खाली वाळल्या पानांचा, म्हणजे पाचटाचा, जाड थर राहतो. सगळे तो पेटवून देतात. दोन तासांत रान मोकळं. नानी मात्र एक सरी सोडून एका सरीत पाचट दाबायची, वर शेण कालवून शिंपायची. नवरा केव्हाच गेलेला, लेक सासरी; सगळं एकटीनं. "जाळलं की वाऱ्यावर जातं, अन् गांडुळं मरत्यात. कुजलं की जिमिनीतच ऱ्हातं," म्हणायची. सात वर्षांत तिची माती हातात धरली तर भुसभुशीत लागायची. तरी लोक हसायचे. "नानी पाचटात उंदरं पाळती," आमचे हे म्हणायचे. "पाळते की! तुज्यापरीस बरी, गुमान ऱ्हात्यात," ती बांधावरून ओरडायची. या उन्हाळ्यात ती वारली.

मागच्या वर्षी ह्यांनी भर दुपारी आमचं पाचट पेटवलं. नानीचा ऊस आधीच तुटला होता, नवे कोंब वीतभर आले होते. मी बादली घेऊन बांधावर उभी होते. वारा फिरला. माझा पदर नानीच्या रानाकडे उडायला लागला. दुसरं टोक पेटवायचं अजून बाकी होतं. थांबा, एवढंच म्हणायचं होतं. ह्यांच्यापुढे माझं तोंड उघडत नाही. दुसरं टोकही पेटलं.

आग बांध ओलांडून गेली. नानी ओलं पोतं बडवत राहिली. कोंब करपले, जुना कुजलेला थरसुद्धा दोन दिवस धुमसत होता. "आधीच जाळलं असतं तर ही वेळ आली नसती," जमलेले लोक तिलाच म्हणाले. नानी खाली बसून काळी माती उकरत राहिली.

यंदा, जायच्या थोडे दिवस आधी, उरलासुरला ऊस तुटल्यावर ती आमच्या दारात आली. "काडीपेटी दे, पोरी."

मी हातातलं काम टाकून उंबऱ्याशी आले.

"आता माज्यानं आनखी सात वर्सं व्हायची न्हाईत. पर मी वारा बघून लावीन. तुमी बघत न्हाई."

नानी, मी बघितला होता, हे शब्द ओठांपर्यंत आले. मी आत गेले आणि काडीपेटी आणून दिली.

वारा पडेपर्यंत ती बांधावर बसून राहिली. मग पेटवलं. धूर सरळ वर गेला. आमच्या बांधावरची गवताची एक काडीही जळली नाही.